सोमवारी काय बंद, शुक्रवारी काय बंद: कोल्हापूरहून मुलांना घेऊन दिल्ली

दिल्लीची सहल बहुतेक घरांत उलट्या टोकाने ठरते. आधी सुट्टी, मग तिकीट, मग हॉटेल, आणि काय बघायचं ते गाडीत बसल्यावर मोबाइलवर. मग लाल किल्ल्यासमोर रिक्षातून उतरल्यावर कळतं की आज सोमवार आहे आणि दार बंद आहे. मोठी माणसं बाहेरून फोटो काढून समाधान मानतात, मुलांना मात्र ‘बाहेरून किल्ला’ पटत नाही.

म्हणून पहिलं काम कागद-पेन घेऊन करायचं. लाल किल्ला, राष्ट्रपती भवन, पंतप्रधान संग्रहालय, राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वे म्युझियम, अक्षरधाम आणि लोटस टेंपल सोमवारी बंद असतात. प्राणिसंग्रहालय शुक्रवारी बंद आणि आग्र्याचा ताजमहालही शुक्रवारीच बंद. कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा, इंडिया गेट, राष्ट्रीय युद्ध स्मारक आणि बंगला साहिब गुरुद्वारा सातही दिवस उघडे. एवढं लिहून भिंतीवर लावलं की अर्धी आखणी आपोआप होते: सोमवार आग्र्याला द्यायचा आणि शुक्रवार परतीला.

महिना कोणता

इथे आपली शाळा आणि दिल्लीची हवा यांचं जमत नाही, हे आधी मान्य करायला हवं. मे महिन्यात सुट्टी मोठी, पण तिथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि सगळी ठिकाणं दगडी, उघडी. सकाळी दहानंतर लाल किल्ल्याच्या फरशीवर सहा वर्षांचं मूल उभं राहत नाही. दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, पण ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर हा दिल्लीच्या धुराचा काळ. नाताळात धुकं असतं. रेल्वे तासन्‌तास उशिरा धावते, सकाळची विमानं अडकतात, आणि कोल्हापूरच्या थंडीत स्वेटरवर भागवणारी मुलं तिथल्या पाच-सहा अंशांत काकडतात.

उत्तम काळ म्हणजे फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ते मार्चचा मध्य. हवा मोकळी, ऊन कोवळं, आणि राष्ट्रपती भवनामागचं अमृत उद्यान साधारण याच काळात लोकांसाठी खुलं असतं. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी, त्याच्या आगेमागे कधी महाशिवरात्र, जोडून तीन-चार दिवस रजा. लहान वर्गांतल्या मुलांची तेवढी शाळा बुडाली तर काही बिघडत नाही. ज्या वर्षी घरात शिष्यवृत्तीची परीक्षा आहे त्या वर्षी मात्र हा बेत करू नका. कोल्हापुरात त्या परीक्षेला काय वजन असतं ते वेगळं सांगायला नको.

दिवाळीशिवाय जमतच नसेल तर ‘समीर’ हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अ‍ॅप निघण्याआधी आठवडाभर रोज बघा. हवेचा निर्देशांक ३०० च्या वर म्हणजे ‘अतिशय वाईट’, ४०० च्या वर म्हणजे ‘गंभीर’. मुलाला बाळदमा असेल, पंप चालू असेल, तर नोव्हेंबर ते जानेवारी दिल्ली नकोच. कापडी मास्कने काही होत नाही, एन-९५ लागतो, आणि तो लहान मूल अर्ध्या तासात काढून टाकतं.

आणखी दोन काळ टाळायचे. जानेवारीचा दुसरा पंधरवडा, कारण प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाच्या तालमींसाठी कर्तव्यपथाचा परिसर वारंवार बंद होतो. आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा, कारण स्वातंत्र्यदिनाच्या तयारीसाठी लाल किल्ला आधीपासूनच बंद ठेवतात.

जायचं कसं

कोल्हापूरहून दिल्लीतल्या निजामुद्दीन स्टेशनला थेट एक्सप्रेस आहे, पण आठवड्यातून एकदाच. तिच्याने गेलात आणि तिच्यानेच यायचं म्हटलं तर मुक्काम तिच्या वारांवर ठरतो. त्यापेक्षा मिरजेहून गोवा एक्सप्रेस सोयीची, कारण ती रोज आहे. मिरज कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटर. गाडी रात्री मिरजेत येते, पुणे, मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी, आग्रा करत सव्वा दिवसाहून थोड्या जास्त वेळात निजामुद्दीनला पोचते. शुक्रवारी रात्री निघालात की रविवारी सकाळी दिल्ली. नेमकी वेळ तिकीट काढताना पाहा, वेळापत्रक बदलत असतं.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. दिवस मोजताना प्रवासाचा दिवस धरत नाहीत, आणि मिरजेहून चढणाऱ्यांनीही तारीख गाडी गोव्यातल्या वास्कोहून सुटण्याचीच धरायची. सकाळी आठला लॉगिन करून बसायचं. प्रवाशांची नावं, वयं आदल्या रात्री ‘मास्टर लिस्ट’मध्ये भरून ठेवली की दोन मिनिटं वाचतात, आणि फेब्रुवारीत त्या दोन मिनिटांतच खालचे बर्थ संपतात. प्रतीक्षा यादीवर विसंबू नका. वेटिंगचं तिकीट घेऊन स्लीपर किंवा एसी डब्यात बसता येत नाही, तपासनीस उतरवतो.

मुलांचं भाडं असं: पाच वर्षांखालचं मूल बर्थ न घेता फुकट. पाच ते बारा वयाला बर्थ नको म्हटलं तर अर्धं, बर्थ हवा तर पूर्ण. पैसे वाचवायला नऊ वर्षांच्या मुलाचा बर्थ सोडणारे पुष्कळ असतात. बत्तीस तासांच्या प्रवासात ते अंगाशी येतं: रात्री आईही झोपत नाही, मूलही नाही, आणि पहिला दिवस हॉटेलात झोपण्यात जातो. सात वर्षांवरच्या मुलाला बर्थ घ्याच. चौघांचं कुटुंब असेल तर एका खणातले दोन खालचे आणि दोन मधले मिळतात का बघा. साइड अपर लहान मुलाला देऊ नका, वळणावर पडतं.

विमानाने जायचं तर कोल्हापूरहून मुंबई किंवा हैदराबादमार्गे, नाहीतर थेट पुण्याहून. बेळगावहूनही दिल्लीला थेट विमान असतं, तेही तपासा. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापेक्षा बेळगाव लांब असलं तरी विमान बदलण्याची कटकट नाही. पुण्याहून जाणार असाल तर महामार्गाच्या रुंदीकरणाची कामं आणि खंबाटकी घाट धरून कोल्हापूर सोडण्याची वेळ उड्डाणाच्या आठ तास आधी ठेवा. उगाच घाई वाटते, पण कराडजवळ तासभर अडकलात की पटतं. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर जातं, त्याला जन्मदाखला लागतो. मोठ्यांचं आधार आणि मुलांचं आधार मूळ प्रतीत जवळ ठेवा. राष्ट्रपती भवनातही तेच दाखवावं लागतं.

राहायचं कुठं

एकच निकष: मेट्रो स्टेशनपासून मुलाच्या पावलांनी दहा मिनिटं. करोलबाग, राजेंद्र प्लेस, पटेलनगर हा ब्लू लाइनवरचा पट्टा कुटुंबाला बरा. पहाडगंज स्वस्त आणि नवी दिल्ली स्टेशनला लागून, पण रात्री गल्ल्यांत गलका असतो, आणि खोलीला खिडकी आहे की नाही हे आधी फोनवर विचारलंच पाहिजे. कस्तुरबा गांधी मार्गावरचं नवं महाराष्ट्र सदन आणि कोपर्निकस मार्गावरचं जुनं सदन, दोन्ही मोक्याच्या जागी आहेत. तिथे खोली मिळेलच असं धरून निघू नका. मिळाली तर उत्तम.

गोवा एक्सप्रेस सकाळी पोचते आणि हॉटेलची खोली दुपारी बारा किंवा दोनला मिळते. मधले सहा तास मुलांना घेऊन कुठे काढणार? बुकिंग करतानाच ‘सकाळी सातला येतोय, खोली मिळेल का’ असं विचारून उत्तर लेखी घ्या. नाही म्हणाले तर आदल्या रात्रीचंही भाडं भरा. त्या एका रात्रीच्या भाड्यात मुलांची आंघोळ, झोप आणि तुमचा राग, तिन्ही वाचतात.

दिवसांची मांडणी

रोज दोन ठिकाणं. तिसरं लिहू नका. लिहिलं की डोक्यात राहतं आणि दुसऱ्या ठिकाणी ‘चला, चला’ सुरू होतं. सकाळचं ठिकाण चालायचं, दुपारचं सावलीतलं किंवा बसायचं, आणि मध्ये खोलीवर येऊन दीड तास पाठ टेकायची. सहा वर्षांखालची मुलं असतील तर ही पाठ टेकणं वगळूच नका. वगळली की संध्याकाळी साडेपाचला, नेमकं मेट्रोच्या गर्दीत, रडारड होते.

रविवारी पोचलात असं धरून मांडणी अशी बसते.

रविवार दुपार: हुमायूनचा मकबरा आणि त्याला लागून असलेली सुंदर नर्सरी. प्रवासाने अंग आंबलेलं असतं, म्हणून मोकळी जागा. नव्वद एकरांची बाग आहे, तळं आहे, मोर दिसतात, हिरवळीवर सतरंजी पसरून बसता येतं. मकबऱ्यात जाण्याआधी मुलांना हुमायूनची गोष्ट सांगा: जुन्या किल्ल्यात त्याची पुस्तकांची इमारत होती, १५५६ च्या जानेवारीत तिच्या पायऱ्यांवरून तो पडला आणि त्यातच गेला. मग ते थडगं बघायला मुलं स्वतःहून धावतात. आणि ताजमहाल बघण्याआधी हे बघितलं की दोघांतलं साम्य मुलंच दाखवून देतात.

सोमवार: आग्रा. निजामुद्दीनहून सकाळी आठच्या सुमाराला गतिमान एक्सप्रेस सुटते, शंभर मिनिटांत आग्रा कँटला पोचवते आणि संध्याकाळी परत आणते. शुक्रवारी ती धावत नाही, कारण ताज बंद. खुर्चीच्या डब्यात पाच ते बारा वयाच्या मुलालाही पूर्ण भाडं पडतं, कारण तिथे ‘सीट नको’ हा पर्याय नाही. ताजमहालाच्या आवारात खाण्याचे पदार्थ नेता येत नाहीत. फाटकावरच्या तपासणीत भडंगाची पिशवी काढून घेतली की मूल रडतं, म्हणून ती आधीच गाडीत किंवा लॉकरमध्ये ठेवा. पाण्याची बाटली चालते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, हा नियम पुरातत्त्व खात्याच्या दिल्लीतल्या ठिकाणांनाही लागू. घुमटाच्या आत जायचं तिकीट वेगळं असतं. ऑनलाइन काढताना ते टिक करायचं राहिलं, तर वरच्या चौथऱ्यावर सोडत नाहीत.

दुपारी आग्र्याचा किल्ला. अमरसिंह दरवाजासमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, आपल्याकडची प्रत्येक गाडी तिथे थांबतेच. मुलं लगेच विचारतील, महाराजांना याच किल्ल्यात कोंडलं होतं का? नाही. १६६६ च्या मे महिन्यात औरंगजेबाचा दरबार इथे भरला, पण महाराज नजरकैदेत होते ते किल्ल्याबाहेर, मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग याच्या तळाजवळ, कोतवाल फौलादखानाच्या पहाऱ्यात. नेमक्या जागेवर अभ्यासकांचं एकमत नाही. गाइड जर किल्ल्यातली एखादी कोठडी दाखवून ‘यहीं पे थे’ म्हणाला, तर हसून पुढे चला.

मंगळवार: सकाळी राष्ट्रपती भवन, दुपारी रेल्वे म्युझियम, दोन्ही शेजारशेजारच्या भागांत. राष्ट्रपती भवनाचं बुकिंग त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आधी करावं लागतं. वेळ ठरलेली असते, उशीर झाला तर पुढच्या गटात घालत नाहीत. ३४० खोल्यांची इमारत म्हटल्यावर मुलं सगळ्या मोजायच्या तयारीत येतात, त्यांना आधीच सांगा की मोजक्या दालनांतून नेतात. फेब्रुवारीत असाल तर याच दिवशी अमृत उद्यानाचीही वेळ घ्या आणि रेल्वे म्युझियम दुसऱ्या दिवसावर ढकला. तिन्ही एका दिवशी नकोत.

चाणक्यपुरीतलं रेल्वे म्युझियम १९७७ सालचं. पाच ते बारा वयाच्या मुलांसाठी दिल्लीतलं सगळ्यात खात्रीचं ठिकाण हेच, लाल किल्ल्याहूनही. जुनी इंजिनं हाताने चाचपता येतात, पतियाळा संस्थानाची एकाच रुळावर तोल सांभाळणारी मोनोरेल उभी आहे, आणि आवारात फिरणारी छोटी गाडी आहे. त्या छोट्या गाडीचं तिकीट वेगळं. आत शिरल्याबरोबर आधी तेच काढा. म्युझियम बघून झाल्यावर काढू म्हटलं की दुपारच्या शेवटच्या फेऱ्यांना रांग लागलेली असते.

बुधवार: लाल किल्ला, चांदणी चौक. याच्याबद्दल पुढे सविस्तर.

गुरुवार: सकाळी कुतुबमिनार, संध्याकाळी राष्ट्रीय युद्ध स्मारक आणि इंडिया गेट. कुतुबमिनार साडेबहात्तर मीटर उंच आहे. मुलांना वर जायचं असतं, पण १९८१ च्या दुर्घटनेनंतर आत चढू देत नाहीत, हे घरीच सांगून ठेवा. त्याऐवजी लोहस्तंभ दाखवा: सव्वासात मीटर उंच, सहा टनांहून जड, सोळाशे वर्षं पावसात उभा आणि गंज नाही. लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त असल्याने त्यावर पातळ संरक्षक थर बसतो, हे सातवी-आठवीच्या मुलाला नक्की पटतं. कुतुबमिनार नावाच्या मेट्रो स्टेशनपासून मिनार दीडेक किलोमीटर आहे, नावाला भुलून चालत निघू नका, रिक्षा करा.

युद्ध स्मारक संध्याकाळी बघा, भिंती उजळलेल्या असतात. प्रवेश फुकट. ग्रॅनाइटच्या विटांवर हुतात्म्यांची नावं कोरली आहेत, पंचवीस हजारांवर. आपल्या भागातल्या किती घरांतली मुलं मराठा लाइट इन्फंट्रीत गेली आहेत. नातेवाइकांत किंवा गावात कोणी हुतात्मा असेल तर नाव, पलटण आणि साल घरून लिहून न्या, शोधता येतं. परमवीरचक्र मिळवणाऱ्या २१ वीरांचे अर्धपुतळेही तिथेच एका बाजूला आहेत.

शुक्रवारी सामान बांधायचं, सकाळी जवळचं एखादं ठिकाण, दुपारची गाडी. शनिवारी रात्री मिरज. रविवार विश्रांतीला हातात राहतो, सोमवारी शाळा.

अक्षरधाम या यादीत मुद्दाम घातलेलं नाही. जागा भव्य आहे, पण मोबाइल, कॅमेरा, पिशवी, सगळं बाहेर जमा करायचं, त्याला रांग. आत गेल्यावर कुटुंबातली माणसं एकमेकांपासून सुटली तर फोन करायची सोय नाही. दहा वर्षांवरची मुलं असतील तर दुपारी चारला जाऊन अंधार पडल्यावरचा पाण्याचा खेळ बघून या, मात्र ‘हरवलो तर या खांबापाशी’ हे आत शिरतानाच ठरवा. लहानग्यांना घेऊन नको. संसदेच्या आवारात राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे, त्यामुळे कोल्हापूरकरांना तिथे जावंसं वाटणं साहजिक, पण आत जायला खासदारांच्या कार्यालयातून आधी पास काढावा लागतो आणि सभागृहाच्या गॅलरीत लहान मुलांना घेत नाहीत.

लाल किल्ला आणि चांदणी चौक: अर्धा दिवस नीट कसा घालवायचा

पन्हाळ्यावर गाडी थेट आत जाते, सज्जाकोठीपर्यंत. इथे तसं नाही. मेट्रोचं लाल किला स्टेशन, तिथून तिकीट खिडकी, तपासणीची रांग, लाहोरी दरवाजा, छत्ता बाजार, नौबतखाना, आणि मग कुठे दिवाण-ए-आम. दिवाण-ए-खासपर्यंत पोचेतो मुलं थकलेली आणि खरं बघायचं ते पुढेच असतं. म्हणून छत्ता बाजारात थांबायचं नाही. ‘परत येताना घेऊ’ हे वाक्य पाठ करून ठेवा.

सकाळी दार उघडतानाच पोचा. तिकीट फोनवर आधी काढलेलं असू द्या. तपासणीत बायका आणि पुरुष वेगळ्या रांगांत जातात, तेव्हा कोणतं मूल कोणाबरोबर ते रांगेत लागण्याआधी ठरवा. ऐनवेळी ‘तुझ्याकडे होता ना?’ असं होतं. स्वच्छतागृहात मुलांना तपासणीच्या आधी नेऊन आणा.

आत गेल्यावर सगळं बघायचा हट्ट सोडा, तीन जागा पुरे. दिवाण-ए-आममध्ये बादशहाचा संगमरवरी झरोका. दिवाण-ए-खासमध्ये मयूर सिंहासन जिथे होतं ती जागा. १७३९ मध्ये नादिरशहाने ते नेलं. आणि त्याच दालनाचं छत. इथे मान वर करून पाच मिनिटं द्या. या छताला चांदीचा पत्रा होता. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेचा पगार थकलेला होता, म्हणून तो पत्रा काढून त्याची नाणी पाडली. पाच-सहा महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. पानिपताचं नाव आपल्याकडे मुलांच्या कानावर असतंच, पण त्याचा खर्च कुठून निघाला हे डोक्यावर दिसतं ते इथे. पुढे १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली पुन्हा ताब्यात आणली आणि मुघल बादशहा शाह आलमला परत तख्तावर बसवलं, हेही त्याच दमात सांगा, म्हणजे गोष्ट पराभवावर संपत नाही. तिसरी जागा नेताजी आणि आझाद हिंद सेनेचं संग्रहालय. त्या सैनिकांवरचे खटले १९४५-४६ साली याच किल्ल्यात चालले.

किल्ल्यातून बाहेर पडलं की समोर चांदणी चौक. किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंतच्या रस्त्यावर सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारी येत नाहीत, त्यामुळे सायकलरिक्षात बसून जाता येतं. बसण्याआधी भाडं, अंतर आणि ‘सगळ्यांचं मिळून’ हे तिन्ही बोलून घ्या. नाहीतर उतरताना आकडा माणशी होतो. बाबागाडी इथे नेऊ नका, गल्ल्यांत चाक अडकतं. सुंदर नर्सरीत आणि कर्तव्यपथावर मात्र घडीची बाबागाडी फार उपयोगी. जामा मशीद नमाजाच्या वेळी पर्यटकांना बंद असते आणि पायऱ्या उंच आहेत. मुलं दमली असतील तर खालून बघून परत फिरलात तरी चालतं.

मेट्रो

नव्वद सेंटिमीटरपर्यंत उंचीचं मूल मोठ्यांबरोबर फुकट. बाकी प्रत्येकाला वेगळं तिकीट किंवा कार्ड. एका कार्डावर दोघे आत जाऊ शकत नाहीत, दुसऱ्यासाठी दार उघडतच नाही आणि मागे रांग साचते. चौघांसाठी फोनवर क्यूआर तिकीट काढलं तर प्रत्येक कोड एकाच माणसाला चालतो. एकाच फोनवरून एकेक दाखवत मुलांना आधी पुढे पाठवा, स्वतः शेवटी या. जाताना लावलेले कोड बाहेर पडतानाही लागतात, फोनची चार्जिंग संपली तर अडकाल. पुरुषांनी गाडीच्या दिशेचा पहिला डबा टाळायचा, तो महिलांचा. राजीव चौकात सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ मुलांसह गाडी बदलू नका.

आणि हा नियम निघण्याआधी घरी मुलांकडून दोनदा वदवून घ्या. दार बंद झालं आणि मूल डब्यात, आपण फलाटावर: मुलाने पुढच्याच स्टेशनवर उतरून त्याच जागी उभं राहायचं, आपण मागच्या गाडीने येतो. मूल फलाटावर, आपण डब्यात: मुलाने तिथून हलायचं नाही, आपण पुढच्या स्टेशनवरून उलटं येतो. दोघांनीही एकमेकांना शोधत फिरायचं नाही, कारण बहुतेक वेळा हरवणं तिथेच होतं. गणवेशातल्या जवानाला किंवा खिडकीवरच्या माणसाला सांगायचं, हेही शिकवा. मेट्रोची मदतवाहिनी १५५३७०, मुलांसाठीची १०९८, आणि सगळ्यांसाठी ११२. रोज सकाळी खोलीतून निघताना मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढा. हरवल्यावर ‘निळा शर्ट होता की हिरवा’ हे आईबापांना आठवत नाही. खिशात दोन मोबाइल नंबर आणि हॉटेलचं नाव लिहिलेली चिठ्ठी, पाण्याने फिसकटू नये म्हणून बॉलपेनने.

खाणं, पाणी, पैसे

रेल्वेसाठी दशम्या सगळ्यात टिकाऊ, कारण कणीक पाण्याऐवजी दुधात मळलेली असते. पण भाजल्यावर पूर्ण गार होऊ द्या. गरम गरम डब्यात रचल्या की वाफेचं पाणी सुटतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बुरशीचा वास येतो. बरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, भडंग. कांदा-लसूण चटणीची छोटी डबी पूर्ण सहलभर पुरते. दिल्लीचं जेवण आपल्याला तिखटापेक्षा तेलकट आणि क्रीमचं वाटतं, तेव्हा तिची आठवण येते. मुलांना भटुरे आवडतात, पण सकाळच्या नाश्त्याला नकोत, दुपारपर्यंत पोट जड राहतं. साधा आलू पराठा आणि दही बरं. मराठी जेवण हवंच झालं तर महाराष्ट्र सदनाचं उपाहारगृह आहे. आणि एक वेळ बंगला साहिबच्या लंगरात जेवाच. डोकं झाकायचं, चपला जमा करायच्या, पंगतीत बसायचं, पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची.

पाणी बंद बाटलीचं, झाकणाचं सील तपासून. उसाचा रस आणि बर्फाचे गोळे नाहीत, मुलांनी कितीही मागितलं तरी. औषधांत ओआरएसची सहा पाकिटं, थर्मामीटर, आणि आपल्या डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं तापाचं औषध, डोस चिठ्ठीसकट.

चौघांच्या खर्चाचा अंदाज धरताना थ्री एसीचं एका बाजूचं पूर्ण तिकीट माणशी दोन हजारांच्या आसपास, खोली अडीच ते चार हजार, जेवण दिवसाला दीड-दोन हजार, स्थानिक प्रवास सात-आठशे आणि आग्र्याचा दिवस वेगळा मांडा. तिकिटांवर खर्च कमीच होतो. पैसे गळतात ते ‘थोडंसं अंतर’ म्हणून केलेल्या रिक्षांत आणि छत्ता बाजारात.

नवी दिल्ली स्टेशनबाहेर कोणी ‘आपका टिकट कॅन्सल हो गया, ऑफिस में चलिए’ किंवा रिक्षावाला ‘आज वो बंद है, दूसरा दिखाता हूँ’ म्हणाला तर थांबूसुद्धा नका. पहिल्याला तुम्हाला एखाद्या ट्रॅव्हल एजंटकडे न्यायचं असतं, दुसऱ्याला दुकानात. काय बंद आहे ते तुमच्या भिंतीवरच्या कागदावर आहे, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. रिक्षा प्रीपेड खिडकीवरून किंवा अ‍ॅपवरूनच.

परतीला निजामुद्दीनला जाताना चालकाला कोणती बाजू ते स्पष्ट सांगा. स्टेशनला दोन तोंडं आहेत, एक सराय काले खाँकडचं आणि दुसरं जंगपुऱ्याकडचं. चुकीच्या बाजूला उतरलात तर सामान आणि मुलं घेऊन पूल चढावा लागतो. पिंक लाइनचं मेट्रो स्टेशन सराय काले खाँच्या बाजूला आहे. मिरजेत गाडी रात्री येते, थांबा थोडाच असतो आणि मुलं गाढ झोपलेली असतात. १३९ वर स्टेशन येण्याआधी जागं करणाऱ्या गजराची सोय आहे, ती लावा. सांगली सुटली की बॅगा दाराशी आणून ठेवा आणि कोल्हापूरला न्यायला गाडी आधीच सांगून ठेवा.